पासपोर्टआधी पेटी उघडा



गेल्या काही महिन्यांत भिंगार, नगर आणि आसपासच्या गावांतल्या गटांकडून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो आहे. कुणाची मुलगी फार्मसी करून जर्मनीला जायचं म्हणते, कुणाचा भाचा आयर्लंडला निघालाय, कुणाच्या जावेच्या मुलाला डॉक्टर व्हायला जॉर्जियाला जायचंय. आणि मग हळूच विचारतात, "पासपोर्ट काढून द्यायचे एजंट आठ हजार मागतोय, द्यावेत का हो?"

आमचं उत्तर आहे, देऊ नका. अठरा वर्षांवरच्या मुलाचा किंवा मुलीचा ३६ पानांचा साधा पासपोर्ट सध्या १,५०० रुपयांत निघतो. तत्काळ हवा असेल तर आणखी २,००० रुपये. हे पैसे ऑनलाइन सरकारी खात्यातच भरायचे असतात. एजंट फार तर फॉर्म भरून देईल. ज्यामुळे अर्ज अडकतात ते काम एजंट करत नाही, करूही शकत नाही. ते काम आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत, कपाटाच्या वरच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असतं. आज बोलायचंय ते मुख्यतः त्या पिशवीबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण गटात बोलताना पासपोर्ट आणि व्हिसा हे शब्द एकच असल्यासारखे वापरले जातात. पासपोर्ट आपलं सरकार देतं. ही व्यक्ती भारताची नागरिक आहे, हिचं नाव हे, जन्म इथला, असं ते सांगतं. व्हिसा देतो तो दुसरा देश. तुम्ही आमच्याकडे यावं की नाही, किती दिवस राहावं, हे तो ठरवतो. आपल्याला तहसीलदारानं रेशनकार्ड दिलं म्हणून शेजारणीनं आपल्याला घरात राहू द्यावं असं थोडंच असतं? म्हणून कागद बरोबर असतील तर पासपोर्ट मिळायला हरकत येत नाही, पण व्हिसा मिळेलच अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही. "शंभर टक्के व्हिसा" असा बोर्ड दिसला की तिथून चालू लागायचं.

आता पिशवी उघडू. मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा. मग एकच काम करा. प्रत्येक कागदावरचं नाव मोठ्यानं वाचा, आणि इंग्रजीत लिहिलेलं नाव अक्षर अक्षर करून वाचा. इंग्रजी येत नसेल तर मुलीला वाचायला सांगा, तुम्ही दुसरा कागद धरून अक्षरं जुळवा.

आपली नावं देवनागरीत एकच असतात, इंग्रजीत गेली की त्यांची तीन तीन रूपं होतात. वाघ, वाकचौरे, वाघमारे ही आडनावं एका कागदावर 'डब्ल्यू'नं सुरू होतात, दुसऱ्यावर 'व्ही'नं. पूजा कुठं दोन 'ओ' घालून असते, कुठं 'यू' घालून. शीतलमध्ये कधी दोन 'ई', कधी एकच 'आय'. ज्ञानेश्वर आपल्याकडे 'डी-एन-वाय' असा लिहितात, पण मोबाइलवरच्या एखाद्या ॲपनं स्वतःच्या मनानं 'जी-वाय' करून टाकलेलं असतं. आपल्याला वाटतं, एवढं काय त्यात, नाव तर तेच! पण परदेशातल्या विद्यापीठात बसलेल्या माणसाला ज्ञानेश्वर माहीत नाही. त्याच्या दृष्टीनं ती दोन वेगळी माणसं असतात.

दुसरी गडबड नावाच्या क्रमाची. आपलं बोर्ड दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापतं, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत येतं. आधारवर बहुधा मुलीचं नाव आधी असतं. आणि पासपोर्टच्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी असतात. 'गिव्हन नेम' या चौकटीत मुलीचं नाव आणि मधलं नाव जातं, 'सरनेम' या चौकटीत फक्त आडनाव. घाईत फॉर्म भरणारा प्रमाणपत्र समोर ठेवून जसंच्या तसं उतरवतो आणि आडनाव पहिल्या चौकटीत जाऊन बसतं. काही जण तर दुसरी चौकट रिकामीच सोडतात. असं एकाच नावाचं पासपोर्ट पुढं त्रास देतं. अमिरातींनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एकच शब्द असलेल्या नावाच्या पासपोर्टवर येणाऱ्या प्रवाशांसाठी नियम कडक केले, तेव्हा अनेकांची धावपळ झाली होती. म्हणून सबमिटचं बटण दाबण्याआधी या दोन चौकटी मुलीनं स्वतः वाचाव्यात. कॅफेवाल्या दादांवर सोडू नयेत.

तिसरी गडबड आई-वडिलांच्या नावांची, आणि ही आपल्या नगर जिल्ह्यात फार. सातबाऱ्यावर वडील 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', बँकेत 'बाळासाहेब' पण स्पेलिंग वेगळं. दत्तू, दत्ता, दत्तात्रय हे तिघे एकच गृहस्थ. आईचं तर विचारूच नका. मुलीच्या दाखल्यावर 'लता', आधारवर 'लताबाई', आणि लग्नात सासरी नाव बदललं असेल तर माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. पासपोर्टच्या वेळी हे कदाचित चालून जाईल. पण व्हिसाच्या वेळी मुलगी म्हणणार, माझा खर्च माझे वडील करणार आहेत, आणि जोडणार त्यांचा सातबारा, त्यांचं पासबुक. तिथं बाळू कोण आणि बाळासाहेब कोण, हा प्रश्न उभा राहतो.

यावरून आनंदीबाई जोशींची आठवण होते. माहेरची यमुना, लग्नानंतर आनंदी झाली. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाली. इंग्रजीत सही करताना जोशीच्या शेवटी ती दोन 'ई' लिहायची. तेव्हा तिला पासपोर्ट मागणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे पासपोर्टची सक्ती आली पहिल्या महायुद्धाच्या काळात, नंतर १९२० चा कायदा झाला. आज यमुनाचा जन्मदाखला आणि आनंदीचा प्रवेश अर्ज घेऊन ती खिडकीवर उभी राहिली असती, तर तिला आधी नाव बदलल्याचा पुरावा आणायला परत पाठवलं असतं.

मग करायचं काय? सगळ्या कागदांत एक कागद मुख्य मानायचा. शिकणाऱ्या मुलांसाठी तो दहावीचं प्रमाणपत्र. पुढची बारावी, पदवी, सगळे कागद त्याच्यावरून बनलेले असतात. तेव्हा बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे, उलट नाही. आधार बदलणं त्यातल्या त्यात सोपं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून आधार केंद्रावर गेल्यावर पावतीवरची अक्षरं तिथंच उभं राहून तपासा. दहावीच्याच प्रमाणपत्रात चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं. आपलं विभागीय मंडळ पुण्याला. ते काम होतं, पण महिने जातात. नावच पूर्ण वेगळं करायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो.

म्हणून ज्यांची लेकरं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांनी विशेष ऐकावं. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरला की बोर्डाची यादी शाळेत येते. तिच्यात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तपासून सही करायची असते. बहुतेक घरांत ही सही मुलगा शाळेतच करून येतो आणि आपल्याला कळतही नाही. त्या दिवशी आईनं शाळेत जाऊन यादी बघावी. मुलगा शाळेत असताना चूक दुरुस्त करणं फार सोपं असतं, शाळा सुटली की तीच चूक गळ्यात पडते.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्या आजोबांच्या पिढीत, आणि काही घरांत आपल्याही, गुरुजींनी १ जून लिहून टाकला आणि गाव सगळं १ जूनला जन्मलं. आताच्या मुलांचं तसं कमी, पण जन्मदाखल्यावर एक आणि शाळेत दुसरी तारीख अशी घरं अजून आहेत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. त्याआधी जन्मलेल्यांना दहावीचं प्रमाणपत्र, शाळेचा दाखला, पॅन असे इतर पुरावेही चालतात. तरीही जन्मदाखला काढून ठेवाच, कारण पुढं काही देश तो वेगळा मागतात.

तो कुठून काढायचा, याचा घोळ आम्ही वारंवार ऐकतो. मुलगी भिंगारची, म्हणून आई इथं कॅन्टोन्मेंट बोर्डात चकरा मारते आणि नोंद सापडत नाही. सापडणार कशी? जन्माची नोंद आपण राहतो तिथं होत नाही, बाळ जिथं जन्मलं तिथं होते. बाळंतपण नगरच्या दवाखान्यात झालं असेल तर महापालिकेत. आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, तर मग नोंद पाथर्डीच्या किंवा आष्टीच्या एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीत. थोरलीचा दाखला माहेरी आणि धाकटीचा नगरला, असं आपल्या कित्येकींच्या घरी आहे. पासपोर्टमध्ये जन्मठिकाणही तेच लिहायचं असतं, राहत्या गावाचं नाव नाही. जुन्या दाखल्यावर जिल्हा अहमदनगर आणि नव्या आधारवर अहिल्यानगर असेल तर घाबरू नका. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून जुना दाखला खोटा ठरत नाही.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे येऊ. ही आमच्या मते आजच्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

आपल्या गटांत एकट्या बाया खूप आहेत. कुणी विधवा, कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाचा नवरा कुठं आहे हे वर्षानुवर्षं माहीत नाही. एक ताई मुलीचा फॉर्म भरायला गेली. तिला सांगितलं, "वडिलांचं नाव आणि सही पाहिजेच, त्यांना घेऊन या." बारा वर्षं ज्या माणसानं मुलीचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या दारात ती जाऊन उभी राहिली. त्यानं सहीच्या बदल्यात काय मागितलं ते इथं सांगत नाही. खरं तर तिला तिथं जायची गरजच नव्हती.

डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्टचे नियम सोपे केले. तेव्हापासून अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचं नाव दिलं तरी पुरतं. फक्त आईचं नाव चालतं. लग्नाचा दाखला लागत नाही, घटस्फोटाचा निकालही जोडावा लागत नाही. प्रतिज्ञापत्रं साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं द्यायची, नोटरी नको, स्टँप पेपर नको. मुलगी अठरा वर्षांची झाली असेल तर तिला आई-वडील कुणाचीच संमती लागत नाही, ती स्वतः अर्जदार. अठराच्या आतली असेल आणि एक पालक नसेल किंवा संमती देत नसेल, तर दुसऱ्या पालकानं तसं जाहीर करण्यासाठी वेगळा नमुना आहे, त्याला परिशिष्ट 'सी' म्हणतात. त्यात का संमती मिळत नाही ते खरं खरं लिहायचं. बारावीच्या वर्षात बरीच मुलं सतराचीच असतात, म्हणून हा नमुना माहीत असू द्या. मुलीच्या प्रमाणपत्रावर मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव आहे ते मात्र तसंच राहतं, त्याची वेगळी गोष्ट. पण सही मागायला कुणाच्या पाया पडायचं कारण नाही. फॉर्म भरणारा "पाहिजेच" म्हणाला तर त्याला पासपोर्टच्या मोफत क्रमांकावर फोन लावायला सांगा. क्रमांक आहे १८००-२५८-१८००.

लग्न झालेल्या मुलींसाठीही एक सांगतो. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. मुलीच्या पदव्या माहेरच्या नावावर असतील आणि तिला पुढं शिकायला जायचं असेल, तर नाव तसंच ठेवणं सोयीचं. हे सासरी समजावून सांगायचं काम कधी कधी फॉर्म भरण्यापेक्षा अवघड असतं, तिथं गटातल्या दोघींनी सोबत जावं.

प्रत्यक्ष अर्ज म्हणाल तर तो भाग सोपा आहे. सरकारची वेबसाइट एकच, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या वेबसाइट आहेत आणि त्या जादा पैसे उकळतात, त्याबद्दल सरकारनंच सावध केलंय. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा, किंवा सरकारचं एम-पासपोर्ट सेवा हे ॲप वापरा. अर्ज भरून, पैसे भरून तारीख घ्यायची. पूर्वी आपल्याला पुण्याला मुंढव्यापर्यंत जावं लागायचं. २०१७ पासून देशभर टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं उघडली, नगरलाही टपाल कार्यालयात सोय आहे. तारीख लवकर मिळत नसेल तर पुण्याचं केंद्र निवडता येतं. जाताना मूळ कागद आणि त्यांच्या सही केलेल्या झेरॉक्स न्याव्या. दहावीचं प्रमाणपत्र नक्की न्या. दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर आखाती देशांत नोकरीला जाताना लागणारी वेगळ्या परवानगीची अट पडत नाही.

मग पोलिसांची चौकशी. भिंगारमध्ये राहणाऱ्यांची ती भिंगार कॅम्प पोलीस ठाण्यातून होते. पोलीस घरी येतील किंवा बोलावतील, कागद बघतील, शेजाऱ्यांना विचारतील. या चौकशीची वेगळी फी नसते. चहा पाजायचा तर पाजा, "खर्चापाणी" देऊ नका. अर्जात पत्ता लिहिताना आधारवर आहे तसा लिहा. एका कागदावर 'मुक्काम पोस्ट भिंगार', दुसऱ्यावर 'नगर कॅम्प', तिसऱ्यावर नुसतंच 'सदर बाजार' असलं की शोधणाऱ्यालाही कळत नाही. मुलगी पुण्यात होस्टेलवर असेल आणि तिनं तिथला पत्ता दिला तर चौकशी तिथं होणार, आणि तिथं वर्ष झालं नसेल तर आधीचा पत्ताही द्यावा लागतो. चौकशीच्या दिवशी मुलगी दिलेल्या पत्त्यावर हजर पाहिजे. निम्मे अर्ज इथं लांबतात असं आम्हाला दिसतं. मुलावर आंदोलनात किंवा भांडणात गुन्हा दाखल असेल तर तो लपवू नका. खटला चालू असला तरी कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळवायचा रस्ता आहे. खोटी माहिती दिली तर मात्र तोच नवा गुन्हा होतो.

हे सगळं कधी करायचं? जायच्या आधी दोन महिने नव्हे. इंग्रजीची आयईएलटीएस किंवा टोफेल परीक्षा द्यायची तर ओळख म्हणून पासपोर्टच लागतो. परीक्षा नाही तर प्रवेश नाही, प्रवेश नाही तर व्हिसा नाही. म्हणजे सगळ्याची सुरुवात पासपोर्टपासून. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना काढून ठेवा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, वाया जात नाही. पुढं परीक्षा, प्रवेश अर्ज, कर्ज, विमानाचं तिकीट, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराला अक्षर लावून लिहायचं.

आता व्हिसा. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि बदलतेही, म्हणून त्या त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर ताजे बघावेत. पण सगळे देश फिरून फिरून तेच विचारतात. खरंच शिकायला येताय का, प्रवेश खरा आहे का, खर्चाला पैसे आहेत का. जर्मनीसाठी आपल्या मुलांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून आधी एपीएस नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यात मार्कशीट खऱ्या आहेत का हे तपासतात. शिवाय एका वर्षाचा खर्च एका बंद खात्यात आधीच भरून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो झाली. आपल्या पैशात ती दहा लाखांच्या वर जाते. ते पैसे मुलांचेच राहतात, तिथं गेल्यावर महिन्याला ठरावीक रक्कम काढता येते. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर टीबीची तपासणी लागते, तीही त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातच. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. अमेरिकेसाठी आपल्या भागातल्या मुलांना मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागते. डॉक्टरकीसाठी कुठल्याही देशात जायचं असलं तरी आधी इथं नीट पास झालेलं असावं लागतं, नाहीतर परत आल्यावर इथं प्रॅक्टिस करता येत नाही. "नीटशिवाय एमबीबीएस" म्हणणारा एजंट तुमच्या मुलीची सहा वर्षं बुडवायला निघालाय.

पैशांविषयी थोडं सविस्तर बोलू, कारण इथं आपले बचत गट ओढले जातात. इंग्लंडच्या नियमानं खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मग एजंट सुचवतो, "कुठून तरी उसने आणा, महिनाभर खात्यात ठेवा, मग परत करा." बाई गटात येते, म्हणते, "फक्त दाखवायला द्या, एका महिन्यात परत." आमचं स्पष्ट मत आहे, गटाचे पैसे यासाठी देऊ नका. एक तर ते नुसते दाखवायचे पैसे आहेत, खर्चाचे नाहीत. मुलगी तिथं पोचल्यावर भाडं आणि जेवण कशातून करणार? आणि अधिकाऱ्याला खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम लगेच दिसते, तो ती कुठून आली ते विचारतो. खोटं स्टेटमेंट जोडलं तर गोष्ट आणखी बिघडते. इंग्लंडमध्ये फसवणूक सापडली तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं.

त्यापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज सरळ आहे. मंजुरीचं पत्र व्हिसासाठी पुरावा म्हणून धरलं जातं. सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण न घेता सरकारी हमीची योजना आहे. त्यावर मात्र बँक तारण मागते, आणि इथं आपल्या घरांची अडचण होते. बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत, त्यांना एनए प्लॉट किंवा घर लागतं. गावठाणातल्या घराची कागदपत्रं नीट नसतात. म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याआधीच बँकेत जाऊन विचारून या. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचं काम पुण्याचं समाजकल्याण आयुक्तालय बघतं. तिच्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधी तयार असावा.

एजंटकडे जाऊच नका असं आम्ही म्हणत नाही. प्रवेशाची माहिती देणारे काही चांगले सल्लागारही आहेत. पण २०२३ मध्ये कॅनडात पंजाबमधल्या अनेक मुलांवर परत पाठवलं जाण्याची वेळ आली होती. त्यांच्या एजंटनं दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रं बनावट निघाली, आणि मुलांचं म्हणणं होतं की आम्हाला काहीच माहीत नव्हतं. म्हणून प्रवेशपत्र आलं की त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून मुलीनं स्वतः ई-मेल करून विचारावं. अर्जाचा पासवर्ड तिच्याकडे असावा. आणि पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नये. पासपोर्ट कायद्यानं भारत सरकारच्या मालकीचा असतो. एजंट, मालक, सासरा, कुणालाही तो अडवून ठेवायचा अधिकार नाही. व्हिसासाठी तो अर्ज केंद्रात द्यावा लागतो, तिथली पावती घ्यायची आणि जपायची. मूळ मार्कशीटसुद्धा "फाइल लावायला" म्हणून सोडून येऊ नका.

काही देश कागदांवर 'अपोस्टिल' शिक्का मागतात. आपला देश २००५ पासून त्या करारात आहे. हा शिक्का परराष्ट्र मंत्रालय देतं, त्याआधी राज्य सरकारची तपासणी होते. मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये, वर नेमलेल्या एजन्सीचा सेवाखर्च. कुणी हजारांत बोलत असेल तर पावती मागा. कागद लॅमिनेट करू नका, लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. आपल्यातल्या किती जणींनी दहावीचं प्रमाणपत्र प्रेमानं लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय ते आम्हाला माहीत आहे!

मुलगी निघायच्या आधी एक काम आईनं करायचं. पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, व्हिसा, प्रवेशपत्र, विम्याचा कागद आणि तिथला पत्ता, यांच्या दोन प्रती काढायच्या. एक घरी पेटीत, एक मुलीच्या दुसऱ्या बॅगेत, आणि फोटो मोबाइलमध्ये. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ऑपरेशन गंगातून १८,००० हून अधिक भारतीयांना परत आणलं, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. अशा वेळी घरी कागदांची प्रत असली की दूतावासाशी नेमकं बोलता येतं. पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांत तक्रार देऊन भारतीय दूतावासात जायचं, ते परत येण्यापुरता आपत्कालीन दाखला देतात. सरकारचं 'मदत' नावाचं पोर्टल आहे, त्यावर परदेशात शिकणाऱ्यांना नाव नोंदवता येतं आणि अडचण आली तर इथून आईलाही तक्रार टाकता येते.

येत्या महिन्याच्या बैठकीला ज्यांची मुलं नववीच्या पुढं आहेत त्यांनी आपापली पिशवी घेऊन यावं. सोबत इंग्रजी वाचणारी एखादी मुलगी किंवा सून आणा. चार चार जणी बसू आणि नावं अक्षर अक्षर लावून बघू. मूळ कागद आणताना पावसाचे दिवस आहेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा.